उपासनेनंतरची पंगत : नंबर नको, गंज एकच

पत्र

जय ख्रिस्त. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आमचं चर्च आहे. आजूबाजूच्या चार गावांची मिळून २५ घरं, रविवारी लेकराबाळांसह साठेक माणसं होतात. उपासना साडेदहाला लागते, सव्वाबाराला सुटते. काही जण १०-१२ किलोमीटरवरून येतात, त्यांना परतायला अडीचची एसटी. म्हणून दोन वर्षांपूर्वी महिला मंडळानं ठरवलं की उपासना झाली की सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि दर रविवारी एकेका घराचा नंबर लावायचा. आधी फार बरं वाटलं. मग एका घरानं गुलाबजाम केले, दुसऱ्यानं मटण केलं. आता ज्यांची ऐपत नाही ते आपला नंबर आला की त्या रविवारी येतच नाहीत. दोन घरांनी तर दिवाळीपासून यायचंच सोडलं. कधी भात कमी पडतो, कधी घमेलंभर उरतो. मागच्या मे महिन्यात वरण आंबलं. आम्ही बाया उपासनेच्या वेळी मागं चुलीपाशीच असतो, वचन कानावर पडत नाही. आणि जेवायला बसले की जो तो आपल्याच घरच्यांजवळ. चर्चचे पंच म्हणतात, बंद करा, चहा-बिस्किटावर भागवा. तुम्ही काय सांगाल?

— महिला मंडळाची चिटणीस

उत्तर

ताई, जय ख्रिस्त.

जेवण बंद करू नका. नंबर बंद करा. तुम्ही लिहिलेल्या जवळजवळ सगळ्या तक्रारी त्या एका गोष्टीतून निघाल्या आहेत. ६० माणसांचा स्वयंपाक एका घराच्या अंगावर टाकला की ते घर यजमान होतं आणि बाकीची मंडळी पाहुणी. यजमान म्हटलं की मानपान आला, मागच्यापेक्षा बरं करायची ओढ आली, आणि हातावर पोट असलेल्या घराला लाज आली. गुलाबजाम करणाऱ्या घराचाही यात दोष नाही. नंबराची रीतच तशी आहे.

हा पेच नवा नाही. करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) आणि जेवण एकत्रच होत असे, आणि तिथं एक उपाशी राही तर दुसऱ्याला पिऊन चढलेली असे. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायात प्रेषित पौलानं त्यांना चांगलंच फटकारलं आहे. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का, असं तो विचारतो. पण एकत्र जमणं मोडा असं तो सांगत नाही. एकमेकांची वाट पहा, असं सांगतो. यरुशलेमातही रोजच्या वाढण्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडं दुर्लक्ष होत होतं, तशी कुरकुर झाली. प्रेषितांनी वाढणं थांबवलं नाही, त्या कामाला सात माणसं नेमली. हे प्रेषितांच्या कृत्यांच्या ६व्या अध्यायात आहे. पंचांसमोर बोलायची वेळ आली तर ही दोन ठिकाणं उघडून दाखवा.

आता काय करायचं ते सांगतो.

पूर्ण जेवण महिन्यातून एकदाच ठेवा, प्रभुभोजनाच्या रविवारी. बाकीच्या रविवारी चहा आणि पोटाला आधार होईल असं काहीतरी. दर रविवारचं जेवण एवढ्या लहान मंडळीला पेलत नाही. कापसाची वेचणी लागली की रविवारीही लोक शेतात असतात, कारण वेचणीची मजुरी किलोवर मिळते. त्या दिवसांत चुलीपाशी थांबायला माणूस मिळत नाही आणि मग सारा भार त्याच तीन-चार बायांवर येतो. महिन्याचं एक जेवण सगळ्यांचं राहील, चारही करायला गेलात तर ते त्या चौघींचंच होईल. पण लांबून येणारी माणसं पहाटेच्या चहावर निघालेली असतात, त्यांना नुसत्या बिस्किटावर धाडू नका. ६० जणांच्या चहाला अडीच लिटर दूध, तीन लिटर पाणी, अर्धा किलो साखर आणि १४० ग्रॅम चहापत्ती लागते. साखर टाकायच्या आधी आठ-दहा कप वेगळे काढून ठेवा, मधुमेहाची माणसं आता प्रत्येक गावात आहेत. सोबत दीड किलो मुरमुरे, अर्धा किलो शेंगदाणे, अर्धा किलो फुटाणे आणि पाव लिटर तेलाची फोडणी. हा चिवडा शनिवारी करून डब्यात भरला की रविवारी फक्त चहाच टाकायचा.

जेवणाचा बेत एकच आणि कायमचा ठरवून टाका: वरण, भात, आलू-वांग्याची भाजी, भाकर, कांदा-लिंबू. वाढदिवस असो, लग्नाचा वाढदिवस असो, कुणाचं आभारदान असो, बेत बदलायचा नाही. कुणाला गोड द्यायचंच असेल तर एक शिरा किंवा बुंदी चालेल, तेही कुणाकडून आलं हे न सांगता. "आजचं जेवण अमक्या परिवाराकडून" ही सूचना पाळकसाहेबांना सांगून कायमची थांबवा. मटण-कोंबडीही या पंगतीत आणू नका. खर्च हे एक कारण आहेच, पण पीस मोजून वाढावे लागतात, पहिल्या पंगतीला नळी आणि शेवटच्या पंगतीला रस्सा मिळतो, आणि तेच मनात राहतं. नाताळचं जेवण वेगळं, त्याची वर्गणीही वेगळी.

धान्यासाठी मुठीची रीत धरा. मिझोरामच्या मंडळ्यांमध्ये १९१० पासून बाया रोज रांधायच्या आधी एक मूठ तांदूळ बाजूला काढतात, 'बुहफाई थाम' म्हणतात त्याला. एक मूठ तांदूळ म्हणजे अंदाजे ४० ग्रॅम. २५ घरांनी दिवसातून एकदाच मूठ काढली तरी आठवड्याला ७ किलो होतात, आणि तुम्हाला महिन्याच्या जेवणाला लागतात ५ किलो. ज्याच्याकडं रेशनचंच धान्य आहे त्यालाही मूठ जड जात नाही. घरोघरी सारख्या मापाचे डबे द्या, म्हणजे डबा पाहून घर ओळखू येणार नाही. ते महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्चच्या कोठीत रिकामे करा. उरलेला तांदूळ ज्याच्या घरी अडचण आहे तिथं संध्याकाळी गुपचूप पोचवा. अडचण कुणाची, हे भांडार सांभाळणाऱ्या दोघांनाच माहीत असू द्या.

मुठीच्या तांदळात दोन गोष्टी बिघडतात. एक, वेगवेगळ्या घरचा तांदूळ एकत्र शिजवला की अर्धा गिचका होतो आणि अर्धा कच्चा राहतो. म्हणून कोठीत दोन पिंपं ठेवा: एकात रेशनचा जाड तांदूळ, दुसऱ्यात बाकीचा. जेवणाच्या दिवशी एकाच पिंपातला घ्या. दोन, सोंडे लागतात. महिन्यातून एकदा तांदूळ पसरून सावलीत हवा द्या आणि पिंपात कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका. रेशनच्या तांदळात अधूनमधून थोडे वेगळे दिसणारे दाणे येतात, त्यांना प्लास्टिकचा तांदूळ म्हणून बाया निवडून फेकतात. ते फेकू नका. लोह आणि जीवनसत्त्वं मिसळून तांदळाच्याच पिठाचे केलेले ते दाणे आहेत, १०० किलोमागं एक किलो या प्रमाणात मिसळलेले.

डाळ, तेल, भाजी, मसाला यांना पैसा लागतो. त्यासाठी बंद झाकणाची पेटी ठेवा, दाराशी. नावांची यादी करू नका, वाचू तर मुळीच नका. भिंतीवर हिशेब लावायचा तो एवढाच: किती आले, किती डाळ, किती तेल, किती उरले.

आता चूल. पदार्थांचं प्रमाण डोळ्यांनी ठरवलं तर एकदा कमी आणि एकदा जास्त होतच राहणार. दर माणशी ८० ग्रॅम तांदूळ, ३५ ते ४० ग्रॅम तूरडाळ, १३० ग्रॅम भाजी धरा. दहा वर्षांखालची दोन लेकरं म्हणजे एक माणूस. हा अंदाज भाकर सोबत असेल तर. भाकर नसेल तर तांदूळ १२० ग्रॅमपर्यंत न्या. ६० माणसांना ५ किलो तांदूळ, सव्वादोन किलो डाळ, ५ किलो वांगी, ३ किलो आलू, एक किलो कांदे, ४०० ग्रॅम शेंगदाण्याचा कूट आणि भाजी-वरण मिळून ७०० मिली तेल पुरतं. जेवणाच्या रविवारी माणसं थोडी वाढतात, म्हणून कोठीत दोन किलो पोहे कायम असू द्या. भात कमी पडलाय असं दिसलं तर पोहे भिजवून फोडणीला टाकायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. दुसऱ्यांदा आंधण ठेवून भात करायला गेलात तर पाऊण तास जातो आणि पंगत रिकाम्या ताटांनी बसून राहते.

भाकरी चर्चमध्ये थापू नका. ६० जणांना नव्वद-शंभर भाकरी लागतात, तीन बायांची पूर्ण सकाळ त्यातच जाते. प्रत्येक घरानं आपल्या माणसांपुरत्या आणि वर दोन अशा भाकरी फडक्यात गुंडाळून आणाव्या. ज्वारीच्या असोत की गव्हाच्या पोळ्या असोत. दाराशी एक मोठी टोपली ठेवा, सगळ्या भाकरी तिच्यात एकत्र जाऊ द्या आणि वाढणारा हाताला येईल ती वाढेल. ही टोपली फार मोलाची आहे, ताई. कुणी चार आणल्या, कुणी दहा, कुणी एकही नाही, हे तिच्यात दिसत नाही. भंडारा-गोंदियाकडं भाताचीच सवय आहे, तिथं टोपली लागणार नाही. यवतमाळात ज्वारीशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही, म्हणून इथं ती हवीच.

वेळेचा हिशेब असा. शनिवारी संध्याकाळी डाळ-तांदूळ निवडून ठेवा, शेंगदाणे भाजून कूट करा, लसूण सोला. रविवारी साडेसातला डाळ धुऊन गरम पाण्यात भिजत घाला. सव्वाआठला दहा लिटर आंधण उकळलं की हळद आणि चमचाभर तेल घालून डाळ टाका. तासाभरात ती मऊ होते, मग रवीनं घोटा, तीन लिटर गरम पाणी वाढवून फोडणी द्या. मीठ आधी १०० ग्रॅम, बाकी चव पाहून. चिंच, भेदरं (टोमॅटो) असं आंबट काही डाळ पूर्ण शिजल्यावरच टाका. आधी टाकलं तर डाळ दोन तास ठेवली तरी दाणा तसाच राहतो. जड पाण्यातही तसंच होतं. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसेल तर नळाचं पाणी वापरा. अकोला-बुलढाण्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या मंडळ्यांना तर रांधायचं पाणी बाहेरूनच आणावं लागतं आणि मीठही हात राखून घालावं लागतं.

दुसऱ्या चुलीवर पावणेनऊला भाजी. वांगी चिरून लगेच मिठाच्या पाण्यात टाका, नाहीतर काळी पडतात. जून, बियांनी भरलेलं वांगं एकही आत जाऊ देऊ नका, सगळा गंज, म्हणजे पातेलंभर भाजी, कडवट होतो. आलू आधी, वांगी दहा मिनिटांनी. पाव-पाव किलो करत तेल वाढवू नका, मोजून जे काढलं तेवढंच. भाजी एक वाफ कमी असतानाच उतरवा, कारण ती नंतर पुन्हा गरम करायची आहे.

सव्वादहाला वरण आणि भाजी दोन्ही चुलीवरून खाली, झाकण घट्ट, भोवती गोणपाट. आणि मग सगळ्या बायांनी हात धुऊन आत जायचं. सगळ्यांनी. निखाऱ्यावर मोठ्या भगोण्यात भाताचं पाणी तेवढं ठेवून जा.

पावणेबाराला दोनच माणसं उठतील, तरुण संघातली, दर महिन्याला वेगळी. यादी वर्षाची आधीच करून लावा, म्हणजे एका माणसाचं प्रवचन वर्षातून एकदा, फार तर दोनदा बुडेल. ते जाळ वाढवतील आणि भात टाकतील. अडीच-अडीच किलोच्या दोन गंजांत टाका, एका गंजात पाच किलो टाकला की खालचा लागतो आणि वरचा फडफडीत राहतो. एका गंजाला पाच लिटर पाणी. नवा तांदूळ असेल तर चार-साडेचार. हात बसलेला नसेल तर सरळ भरपूर पाण्यात शिजवून पेज काढून टाका, तो भात सहसा बिघडत नाही. बाराच्या सुमारास वरण आणि भाजी पुन्हा चुलीवर चढवून खदखदून उकळी येऊ द्या. ही उकळी चुकवायची नाही. मागच्या मे महिन्यात वरण आंबलं ते बहुधा सकाळी लवकर उतरवून कोमट राहिल्यामुळं. शिजलेलं अन्न कोमट राहिलं की त्यात जंतू झपाट्यानं वाढतात, विदर्भाच्या उन्हाळ्यात तर ४५ अंशांच्या घरात ते बाहेरच राहायला नको. अन्नाची वाफ गेली की हिवाळ्यात दोन तास, उन्हाळ्यात तासभर, एवढीच मुदत धरा. भातात तर शिजवूनही न मरणारे जंतू असतात, म्हणून दुपारचा भात रात्री घरी नेऊ देऊ नका. उरलंच तर पंगत उठल्या उठल्या परातीत पसरून लगेच वाटून टाका.

जळणाचं एक सांगायचं राहिलं. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या भडकन पेटतात, आंधणाला उत्तम, पण निखारा धरत नाहीत. वरण-भाताखाली बाभळीचं लाकूड घाला. पऱ्हाट्यांच्या जाळावर भात ठेवून माणूस जरा बाजूला झाला की एक तर लागतो, नाहीतर विझल्यामुळं कच्चा राहतो. भात लागलाच तर सराटा (उलथनं) घालून ढवळू नका. वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, तळाचा तसाच सोडा. करपलेला वास ढवळण्यानं सगळीकडं पसरतो. आणि पितळी भांड्याची कल्हई गेली असेल तर त्यात ताक किंवा चिंचेचं वरण ठेवू नका, ते कळकतं आणि माणसं आजारी पडतात. उन्हाळ्यात मठ्ठा करणार असाल तर स्टीलमध्ये किंवा मडक्यात.

बायांच्या प्रश्नावर थोडं अधिक. येशू घरी आला तेव्हा मार्था कामात राहिली आणि तिची बहीण मरीया त्याच्या चरणांशी बसली, ही गोष्ट मंडळ्यांमध्ये बायांनाच ऐकवतात: काम सोड, चरणांशी बस. लूकच्या १०व्या अध्यायात मार्थेनं स्वतः काय म्हटलं ते पाहा. आपली बहीण आपल्याला एकटीला काम करू देते, तिला मदत करायला सांगा, असं ती येशूला म्हणते. म्हणजे अडचण एकटेपणाची आहे. मार्थेला बस म्हणायचं असेल तर चूल दुसऱ्या कुणीतरी धरली पाहिजे. म्हणून भात टाकणं, वाढणं आणि भांडी, ही तीन कामं पुरुषांकडं द्या. कृत्यांतली ती नेमलेली सात माणसं पुरुषच होती आणि त्यांचं काम जेवणाच्या व्यवस्थेचं होतं, हे पंचांना जरूर आठवण करून द्या. कुणी म्हणेल की पुरुषांना जमत नाही. गावागावांतल्या भंडाऱ्यात पाच-पाचशे माणसांचं पुरुषच रांधतात आणि वाढतात. तुमच्या गावातही असा एखादा हातखंडा माणूस असेलच. तो आपल्या मंडळीचा नसला तरी त्याला एकदा बोलावून पोरांना शिकवायला सांगा. आनंदानं येईल.

पंगतीचं. ६० माणसं समोरासमोर दोन ओळींत बसवली तर एकेका ओळीला १५ मीटर जागा लागते, माणशी अर्धा मीटर. चर्चसमोरच्या मांडवात एवढं बसत असेल तर एकच पंगत करा. नसेल तर दोन करा, आणि पहिल्या पंगतीत लेकरं, म्हातारी माणसं, नवी आलेली माणसं आणि एसटी पकडणारे. पाळकसाहेब, पंच आणि वाढणारे दुसऱ्या पंगतीत. पंचांसाठी वेगळं टेबल नको, गुडघे दुखणाऱ्यांसाठी बाक मात्र हवा. पाण्याचा माठ एकच, पेले सगळ्यांना सारखे. ख्रिस्ती झाल्यावरही माणसं पूर्वीच्या जातीची आठवण कुठं काढतात, तर पाण्याच्या पेल्यापाशी. हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आपापल्या घरच्यांजवळ बसण्याची सवय सूचना देऊन जात नाही. हात धुण्याचं पाणी एकाच ठिकाणी ठेवा आणि जो जसा हात धुऊन येईल तसा ओळीत बसेल, एवढंच करा. घरची माणसं आपोआप वेगवेगळी बसतात. बायांना पुरुषांच्या शेजारी अवघडायला होत असेल तर एक ओळ बायांची, एक पुरुषांची, त्यातही हाच नियम. खरी ओळख मात्र पंगतीत होतच नाही, ती शनिवारी संध्याकाळी होते. भाजी-लसणाच्या कामाला दोन गावांतल्या दोन-दोन बाया लावा, दर महिन्याला जोडी बदला. पाच किलो वांगी नि तीन किलो आलू धुऊन-निवडून ठेवायचे, लसूण सोलायचा, शेंगदाणे भाजायचे, यात तास-दीड तास जातो. तेवढ्यात कुणाच्या लेकीचं लग्न मोडलं, कुणाच्या सोयाबीनवर काय पडलं, कुणाचं कर्ज थकलं, हे सगळं बोललं जातं. प्रवचनानंतरच्या अर्ध्या तासात ते कधी निघत नाही.

आधी सगळ्यांना वाढून होऊ द्या, मग एक लहान प्रार्थना, मग सुरुवात. प्रार्थनेला जो उभा राहील त्याला आधीच सांगा की भात निवतोय. वाढायला सहा जण पुरतात: भाजी, भाकर, वरण, भात, पाणी, आणि एक जण नुसतं पाहायला की कुणाचं ताट रिकामं आहे. विचारून वाढू नका, "घ्या थोडं" म्हणत फिरा. लाजाळू माणूस मागत नाही. थर्माकोलच्या ताटांना राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पळसाच्या पत्रावळी घ्या किंवा एकदाच पैसे घालून स्टीलच्या थाळ्या करा. थाळ्या असतील तर तीन घमेली मांडा, एकात साबण, दोनांत साधं पाणी, आणि ज्यानं त्यानं आपली धुवावी. म्हाताऱ्यांची पोरांनी धुवावी. पाणी पिण्याचं ६० लिटर आणि धुण्याचं १०० लिटर आधीच भरून ठेवा.

गुलाबजाम आणि मटण करणाऱ्या घरांना वाईट वाटेल, ते वाटू नये असं करा. त्यांची देण्याची हौस खरी आहे. त्यांना सांगा, आम्हाला २० लिटरचे दोन गंज हवेत, झारा हवा, थाळ्या हव्या. देतील. फक्त भांड्यावर नाव घालताना घराचं नाव घालू नका, चर्चचं घाला.

गावातलं कुणी दुसऱ्या धर्माचं दाराशी आलं, एखादा मजूर, एखादं पोर, तर त्यालाही पंगतीतच बसवा, बाहेर हातावर देऊ नका. आणि जेवणाऱ्याच्या हातात पत्रक देऊ नका, प्रार्थनेला ये असंही त्या वेळी म्हणू नका. ताटाच्या बदल्यात काही मागितल्यासारखं त्याला वाटलं की ते ताट आपलं राहत नाही.

अंथरुणाला खिळलेली, बाळंतीण, सुतकातली घरं यांचे डबे पंगत बसायच्या आधी भरा, गरम असताना. शेवटी उरलेलं भरून पाठवू नका. घरी उघडणाऱ्याला फरक कळतो.

राहिली ती दोन घरं. त्यांच्याकडं "आता नंबर नाही, तुम्ही नुसतं जेवायला या" असा निरोप पाठवू नका, त्यात माफी दिल्यासारखं होतं. तुम्ही स्वतः जा, रविवारी नको, मधल्या एखाद्या दिवशी, संध्याकाळी जनावरं बांधून झाल्यावर. नवी रीत पूर्ण समजावून सांगा आणि काम मागा. त्या घरातल्या बाईचा हात कशात चांगला आहे ते तुम्हाला माहीत असेल. कुणाचं वरण घोटणं, कुणाची चूल. "पहिल्या रविवारी फोडणी तुमच्या हातची पाहिजे, सव्वाआठपर्यंत या" असं म्हणा आणि डबा देऊन या, मुठीचा.